रुबीतली भिशी

आमच्या सोसायटीत तीन भिश्या चालतात आणि तिन्हींचा हिशेब माझ्या बायकोच्या एकाच वहीत असतो. मागे ती वही हरवता हरवता राहिली, तेव्हा मी म्हटलं, एक छोटा प्रोग्रॅम लिहून टाकतो. भाषा घेतली रुबी. हौस म्हणून ठरवलं की सगळी नावं देवनागरीत ठेवायची. हप्ता, सदस्य, पाळी ही व्हेरिएबलांची, म्हणजे बदलत्या माहितीची, नावं रुबीने निमूटपणे घेतली. मग 'भिशी' नावाचा क्लास, म्हणजे तिन्ही भिश्यांच्या सामाईक नियमांचा गठ्ठा, लिहायला गेलो आणि पहिल्याच ओळीला ती अडून बसली. क्लासचं नाव 'कॉन्स्टंट' (एकदा ठरलं की न बदलायचं नाव) असायला हवं, असं तिचं म्हणणं.

कारण कळल्यावर हसू आलं. रुबीत साध्या व्हेरिएबलचं नाव रोमनमधल्या लहान अक्षराने सुरू होतं आणि कॉन्स्टंटचं, म्हणजे क्लासचंही, मोठ्या अक्षराने. आपल्या लिपीत लहान-मोठं असं काही नाहीच. 'भ' मोठा नाही एवढंच रुबीला दिसतं, म्हणून ती त्याला साध्या व्हेरिएबलांच्या रांगेत उभं करते. 'भिशी'च्या आधी रोमन मोठं 'बी' चिकटवलं तर चालतं, पण मग हौस कसली? याहून मोठी गंमत आकड्यांची. देवनागरी ५ हा रुबीच्या लेखी आकडा नाहीच, ते एक अक्षर आहे. त्यामुळे '५' नावाचं व्हेरिएबल करून त्यात सात ठेवता येतात. कुणी ठेवू नयेत.

रुबीचं स्वतःचं नावही वस्तूच्या आधी आलं. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी प्रोग्रॅमरला पर्ल या भाषेपेक्षा ताकदवान आणि पायथन या भाषेपेक्षा जास्त ऑब्जेक्ट-ओरिएंटेड (माहिती आणि नियम एकत्र बाळगणाऱ्या वस्तूंवर, ऑब्जेक्टवर, उभी) अशी स्क्रिप्टिंग भाषा हवी होती, म्हणजे लिहिलं की लगेच चालवता येईल अशी. २४ फेब्रुवारी १९९३ रोजी एका मित्राशी ऑनलाइन गप्पा मारताना 'कोरल' आणि 'रुबी' अशी दोन नावं निघाली, म्हणजे पोवळं आणि माणिक. तेव्हा कोडची एक ओळही लिहिलेली नव्हती. आधी बारसं, मग जन्म. भाषा लोकांच्या हाती आली ती २१ डिसेंबर १९९५ला.

क्लास ही कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. नॉर्वेत ओस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा केली, तिच्यात क्लास आणि सबक्लास (एका क्लासपासून काढलेला पोटक्लास) आले. नावाप्रमाणेच ती भाषा सिम्युलेशनच्या, म्हणजे खऱ्या जगातल्या घडामोडी कॉम्प्युटरवर वठवून बघण्याच्या गरजेतून निघाली होती. त्यात एकाच प्रकारच्या पण वेगवेगळ्या वस्तू ढिगाने लागतात. प्रत्येकीची स्थिती निराळी, वागण्याचे नियम सारखे. आमच्या तीन भिश्यांचं तेच आहे. नियम एक: दर महिन्याला हप्ता भरायचा, चिठ्ठी काढायची, एकाची पाळी लागते. पण एकीचा हप्ता पाचशे, दुसरीचा हजार, तिसरीचा दोन हजार. नियम लिहायचे क्लासमध्ये, आणि त्या क्लासपासून तीन ऑब्जेक्ट करायचे.

प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची माहिती ज्या व्हेरिएबलांत राहते, त्यांच्या नावाआधी रुबीत @ हे चिन्ह लागतं:

@हप्ता = 2000

ही ओळ रुबीत जशीच्या तशी चालते (आकडे तेवढे रोमन, कारण वर सांगितलंच). @ दिसला की समजायचं, हे या भिशीचं खाजगी. बाहेरच्याला तिथे थेट हात घालता येत नाही. भिशीला विचारावं लागतं, आणि ती सांगेल तेवढंच कळतं. चिन्ह नसलेलं साधं व्हेरिएबल तेवढ्या कामापुरतं जगतं, काम संपलं की गेलं. $ लावलं तर ते अख्ख्या प्रोग्रॅमला दिसतं. ते शक्यतो वापरू नये, एवढंच त्याच्याबद्दल.

@ ची एक खोड मात्र मराठी माणसाने लक्षात ठेवावी. मी एका ठिकाणी @हप्ता लिहिलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी @हफ्ता. साध्या व्हेरिएबलच्या बाबतीत अशी चूक झाली की रुबी लगेच सांगते, या नावाचं इथे कुणी नाही. @ असेल तर ती ओरडत नाही. ज्यात अजून काही ठेवलेलंच नाही असं @ व्हेरिएबल विचारलं की ती शांतपणे 'निल' हातात देते, म्हणजे काहीच नाही. ते निल घेऊन प्रोग्रॅम पुढे चालत राहिला आणि चार ओळींनंतर, हप्ता गुणिले सदस्य करताना पडला, कारण निलला गुणाकार येत नाही. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे. 'प'चा 'फ' शोधायला अर्धा तास गेला.

त्याहून मोठा घोळ @@ ने केला. दोनदा @ लावलं की ते व्हेरिएबल एका ऑब्जेक्टचं न राहता सगळ्या क्लासचं सामाईक होतं. सदस्यांची यादी मी अजाणता @@सदस्य अशी ठेवली होती. बारा, दहा आणि वीस अशी तिन्ही भिश्यांची माणसं एकाच यादीत जाऊन बसली. बेचाळीस सदस्य, महिन्याला एक पाळी. शेवटच्या बाईला साडेतीन वर्षं थांबावं लागलं असतं. शिवाय क्लासचा सबक्लास केला, समजा दिवाळीची खास भिशी, तर तिलाही तीच यादी मिळते, आणि तिथे केलेला बदल मूळ भिशीतही उतरतो. माझ्या मते @@ ही रुबीतली सर्वांत फसवी सोय आहे.

आता व्हेरिएबल म्हणजे काय, हा खरा प्रश्न. शिकवताना हमखास सांगतात की व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची. रुबीत या तीन ओळी चालवून बघा:

यादी = ["सुमन", "लता"]
वही = यादी
वही << "शोभा"

तिसऱ्या ओळीने 'वही'त शोभाचं नाव जोडलं. आता 'यादी'त किती नावं? दोन डबे असते तर पहिल्यात दोनच राहिली असती. पण तिथेही तीन आहेत. कारण इथे डबा नाहीच. यादी हा ऑब्जेक्ट एकच, 'यादी' आणि 'वही' ही त्याची दोन नावं. घरी बंड्या, शाळेच्या दाखल्यावर श्रीकांत. श्रीकांतला ताप आला की बंड्याही अंथरुणावर असतो. दुसऱ्या ओळीतल्या 'बरोबर'च्या चिन्हाने प्रत निघाली नाही, आणखी एक नाव पडलं. खरीच प्रत हवी असेल तर तसं यादीला सांगावं लागतं.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी रुबी सोपी वाटू लागते. तिथे आकडाही ऑब्जेक्ट असतो. तीन अधिक चार म्हणजे तीनला 'अधिक' हा निरोप पाठवायचा, सोबत चार. ही निरोपाची कल्पना स्मॉलटॉक या भाषेतून आली, जी ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात केली. प्रत्येक ऑब्जेक्टला रुबी ओळख क्रमांक देते. पाचचा तो विचारला तर ११ येतो, सहाचा १३: दुप्पट अधिक एक. कारण छोट्या पूर्णांकासाठी मेमरीत वेगळी जागा राखलेलीच नसते. एरवी जिथे 'ऑब्जेक्ट अमुक ठिकाणी आहे' असा पत्ता असतो, तिथे आकडाच लिहून शेवटच्या बिटला (०-१च्या शेवटच्या घराला) १ ची खूण करतात. पत्ता वाचतानाच माणूस भेटावा तसं.

आणि क्लास? त्याच्यासाठी पुस्तकांत ठरलेली उपमा साच्याची. क्लास साचा, ऑब्जेक्ट मोदक. सुरुवातीला बरी आहे, पण रुबीत ती लवकरच तुटते. मोदक साच्यातून सुटला की त्याचा साच्याशी संबंध संपतो. उद्या साच्याला नवी कळी पाडली म्हणून ताटातल्या मोदकाला ती येत नाही. रुबीत मात्र येते. तीन भिश्या तयार झाल्यावर मी क्लास पुन्हा उघडला आणि 'उशिराचा दंड' हा नियम घातला. आधीच्या तिन्ही ऑब्जेक्टना तो लगेच लागू झाला. कारण नियमांची प्रत ऑब्जेक्टकडे नसतेच. निरोप आला की दर वेळी तो आपल्या क्लासला विचारतो. क्लासला ठाऊक नसेल तर त्याच्या वरच्याला, मग त्याच्याही वरच्याला. घरात आईला माहीत नसेल तर आजीला विचारतात, तसं. पाचला काही विचारलं तर प्रश्न इंटिजर (पूर्णांकांचा क्लास), न्यूमेरिक, कंपॅरेबल, ऑब्जेक्ट, कर्नल आणि बेसिकऑब्जेक्ट असा चढत जातो. तिथेही उत्तर नसलं, की एरर. इंटिजरचा क्लासही उघडता येतो, त्यात 'दुप्पट' असा नियम लिहिला की पाचला दुप्पट विचारून दहा मिळतात. ही मोकळीक मला आवडते आणि दुसऱ्याने वापरलेली दिसली की धडकी भरते.

क्लास असा जिवंतपणे उत्तरं देतो, कारण तोही एक ऑब्जेक्टच आहे. त्याचा क्लास कोणता? 'क्लास' नावाचाच क्लास. आणि त्या क्लासचा? तोच.

इथे माझी अडलेली गाडी सुटली. भिशी हा क्लास ऑब्जेक्ट असेल, तर 'भिशी' हे त्याचं नुसतं नाव, आणि रुबीची हरकत होती ती नावाला. क्लास घडवायची नेहमीची ओळ सोडून दिली. यादी किंवा आकडा नावाला बांधावा, तसा 'क्लास'कडून एक कोरा, निनावी क्लास मागून घेतला आणि 'भिशी' या साध्या व्हेरिएबलला बांधला. रुबीने चकार शब्द काढला नाही. तीन भिश्या झाल्या, हप्ते जमले, चिठ्ठ्या निघाल्या. मग सहज त्या क्लासला विचारलं, तुझं नाव काय? उत्तर आलं, निल. साध्या व्हेरिएबलचं नाव क्लासला लागत नाही. कॉन्स्टंटला बांधला की मगच त्याला नाव पडतं, आणि पहिलं पडेल ते कायमचं.

साधं व्हेरिएबल असल्यामुळे 'भिशी' प्रोग्रॅमच्या इतर भागांत दिसेनाही. शेवटी रोमन मोठं 'बी' लावलंच.