पाच वाक्यांचं एक पत्र आणि त्यातून गळून गेलेले शब्द

विज्ञानात भाषेला काय महत्त्व, आकडे काय ते सांगतातच की, असं कुणी म्हटलं की मला १९८० सालचं एक पत्र आठवतं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेलं, जेमतेम पाच वाक्यांचं. हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या ३९,९४६ पेशंटच्या नोंदी, त्यातल्या ११,८८२ जणांना किमान एकदा अफूच्या जातीचं वेदनाशामक दिलेलं, आणि आधी व्यसन नसलेल्यांमध्ये व्यसनाच्या बऱ्यापैकी पक्क्या नोंदी सापडल्या फक्त ४. बस, एवढंच.

आता हे वाक्य पुढे कसं गेलं बघा, कारण खरी गंमत इथेच आहे. आधी 'हॉस्पिटलात असलेल्या' गेलं, मग 'नोंद झालेल्या' गेलं, मग 'आम्हाला आढळलं' पण गेलं आणि उरलं काय, तर 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं'. यात शेंडीला गाठ मारून खोटं बोलायला कुणी बसलेलं नसतं, प्रत्येकजण एकेक शब्द कमी करतो, वाक्य सुटसुटीत होतं म्हणून. आणि ४ हा आकडा शेवटपर्यंत तोच राहतो! ब्रुनो लातूर आणि स्टीव्ह वुलगर या समाजशास्त्रज्ञांनी एका प्रयोगशाळेत बसून केलेल्या, १९७९ मध्ये छापलेल्या अभ्यासात हीच पायरी-पायरी मांडलीये: 'अमक्याला असं वाटतं' पासून 'असं आहे' पर्यंत, आणि शेवटी इतकं गृहीत की कुणी बोलूनही दाखवत नाही.

रेटरिक म्हणजे पोकळ भाषणबाजी असं आपण धरून चालतो, पण पटवून कसं दिलं जातं याचा तो अडीच हजार वर्षं जुना अभ्यास आहे. ग्रीक हर्मागोरसने वादातले प्रश्न वेगळे काढले: घडलं का, त्याला म्हणायचं काय, ते योग्य की अयोग्य. पुढच्या अभ्यासकांनी त्यात 'कशामुळे' आणि 'मग करायचं काय' हेही घेतलं. रेटरिकच्या अभ्यासक जीन फानस्टॉक यांनी १९८६ मध्ये दाखवलं की शास्त्रज्ञांचा पेपर पहिल्या प्रश्नांवर रेंगाळतो आणि त्याचीच बातमी झाली की ती थेट शेवटच्या प्रश्नांवर उडी मारते, 'कदाचित', 'बहुधा' वाटेतच सांडून. त्या पत्राने फक्त 'घडलं का' एवढंच सांगितलं होतं, त्यावरून लोकांनी 'मग बिनधास्त लिहून द्या' काढलं. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

(चुंबकाच्या ब्रेसलेटवरचं 'संशोधनाने सिद्ध' पण याच जातीचं, फक्त तिथे गळायला मुळात काही नसतं. कुणावर, किती दिवस, कशाच्या तुलनेत, एवढं विचारलं तरी पुरतं.)

१९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्याच जातीचं वेदनाशामक बाजारात आलं. व्यसनाचा धोका कमी असल्याचं दिशाभूल करणारं मार्केटिंग केल्याबद्दल २००७ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात कंपनीने गुन्हा कबूल केला, पण तोवर फार माणसं हकनाक गेली होती, आणि हे लिहितानाही वाईट वाटतं.

२०१७ मध्ये संशोधकांनी या पत्राचा उल्लेख करणारे ६०८ लेख तपासले. ७२.२ टक्क्यांनी ते व्यसन क्वचित लागतं याचा पुरावा म्हणून वापरलेलं, आणि पेशंट हॉस्पिटलात होते हे ८०.८ टक्क्यांनी सांगितलंच नव्हतं. जर्नलने पत्रातला एक शब्दही बदलला नाही, बदलण्यासारखं काही चुकीचं नव्हतंच. फक्त त्याला संपादकांची टीप जोडली, की या पत्राचा दाखला भरमसाट आणि तपासून न बघता दिला गेलाय.