वॉरंटी शोरूमची नसते, कंपनीची असते

"गाडी नागपुरातून घेतली ना, मंग वॉरंटीचं कामबी तिथंच." यवतमाळच्या दारव्हा-आर्णीकडे नव्या बाईकबद्दल हे वर्षानुवर्षं ऐकतो आहे. साफ चूक. वॉरंटी गाडी बनवणारी कंपनी देते, म्हणून तिच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला काम होतं. तालुक्याचं सेंटर अधिकृत आहे का, एवढं विचारून घ्या. फोर्कमधून (पुढच्या चाकाच्या शॉकअपमधून) तेल गळतंय, मीटरमध्ये वाफ धरतेय, असं काही दिसलं की जॉब कार्डवर (सेंटर गाडीच्या तक्रारी नोंदवतं, त्या कागदावर) लिहूनच घ्या आणि प्रत जपा. तोंडी "पुढच्या सर्व्हिसिंगले पाहू" म्हणजे, बाप्पा, वॉरंटी संपायची वाट पाहणं! ब्रेक शू, क्लच प्लेट झिजली तर सहसा वॉरंटीत बसत नाही. तिथं उगाच भांडू नका. सेंटरनं टाळलंच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.