राष्ट्रपतींचा प्रश्न आणि न्यायालयाचं मत: कलम १४३ची पार्श्वभूमी

मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९३८ साली पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर कर बसवला. नागपूरचं म्हणणं होतं की हा विक्रीकर आहे, म्हणजे प्रांताच्या हक्कातला. दिल्लीच्या मते ते उत्पादन शुल्क होतं आणि तो अधिकार केंद्राचा. खटला कुणीच भरला नव्हता. गव्हर्नर जनरलने १९३५च्या भारत सरकार कायद्यातल्या कलम २१३चा आधार घेऊन थेट फेडरल कोर्टालाच, म्हणजे तेव्हाच्या संघराज्य न्यायालयालाच, मत विचारलं. सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि आपले बॅ. मुकुंदराव जयकर या तिघांनी कौल प्रांताच्या बाजूने दिला. या कलमाखाली विचारलेला तो पहिला सल्ला.

खटला नसताना न्यायालयाला असं मत विचारण्याच्या प्रथेचं मूळ इंग्लंडात. १८३३च्या कायद्याने राजाला कोणताही प्रश्न प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या सल्लागार मंडळाच्या) न्यायिक समितीपुढे पाठवण्याची मुभा मिळाली. अमेरिकेने त्याआधीच दुसरी वाट धरली होती. १७९३ साली इंग्लंड-फ्रान्स युद्धात तटस्थ कसं राहायचं, तह कसे वाचायचे, यावर वॉशिंग्टनच्या सरकारने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना प्रश्न पाठवले. न्यायाधीशांनी नम्रपणे नकार कळवला.

आपल्या घटनेने इंग्रजी वाट घेतली आणि कलम १४३ आलं. राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाला मत विचारण्यासाठी प्रश्न पाठवतात, पण तो असतो मंत्रिमंडळाचा. ऐकायला किमान पाच न्यायमूर्ती लागतात. सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की पहिल्या उपकलमाखाली मत द्यायचं की नाही, हे न्यायालय ठरवतं. मत म्हणजे हुकूमनामा नव्हे, तरी सरकारं ते सहसा झिडकारत नाहीत. पश्चिम बंगालमधल्या बेरुबाडीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचा तर घटनादुरुस्तीच लागेल, असं मत १९६० साली मिळालं आणि नेहरू सरकारने त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती केली.

या अधिकाराची गरज किती खरी आहे, हे १९६४ साली लखनौने दाखवलं. गोरखपूरच्या केशव सिंहांनी एका आमदाराविरुद्ध पत्रक छापलं. १४ मार्चला त्यांना समज देण्यासाठी उत्तर प्रदेश विधानसभेत उभं केलं, तेव्हा ते अध्यक्षांकडे पाठ फिरवून गप्प उभे राहिले. सात दिवसांची कैद झाली. शिक्षेच्या सहाव्या दिवशी त्यांच्या वकिलाने उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे अर्ज केला आणि दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला. विधानसभा इतकी खवळली की केशव सिंह, त्यांचा वकील आणि ते दोन न्यायमूर्ती, सगळ्यांना पकडून सभागृहापुढे आणा, असा ठराव झाला. मग उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाची अंमलबजावणी थांबवली.

विधानसभा न्यायाधीशांना अटक करायला निघालेली, न्यायालय विधानसभेला अडवतंय. हे सोडवायला दुसरा मार्ग नव्हता. २६ मार्चला राष्ट्रपतींनी प्रश्न पाठवला. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. सहा विरुद्ध एक अशा बहुमताने मत आलं: न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केलेला नाही, अर्ज ऐकणं त्यांच्या अधिकारातलंच होतं. पेच सुटला. केशव सिंहांचा अर्ज मात्र पुढे उच्च न्यायालयाने फेटाळला आणि उरलेली शिक्षा भोगायला हजर व्हा, असं त्यांना सांगितलं.

तो प्रश्न तापलेला होता, पण कायद्याचाच होता. १९९३ साली मात्र वेगळंच घडलं. बाबरी मशीद पाडल्यानंतर महिन्याभराने, ७ जानेवारीला, नरसिंह राव सरकारने एकच प्रश्न पाठवला: त्या वास्तूच्या आधी तिथे हिंदू मंदिर किंवा हिंदू धार्मिक बांधकाम होतं का? हा प्रश्न इतिहासाचा आणि पुरातत्त्वाचा. शिवाय उत्तर घेऊन सरकार आधी वाटाघाटी करणार होतं. जो निर्णय राजकारणाने घ्यायचा, त्याचं ओझं न्यायालयाच्या खांद्यावर टाकण्याचा हा प्रकार होता, असं मला ठामपणे वाटतं. २४ ऑक्टोबर १९९४ला न्यायालयाने प्रश्न आदरपूर्वक परत केला. अयोध्येतली जागा ताब्यात घेण्याच्या केंद्राच्या कायद्यावर पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फूट होती, पण उत्तर न देण्यावर पाचही जण एक होते. न्या. भरुचांनी लिहिलं की अयोध्या हे वादळ आहे, ते निघून जाईल, पण त्यापायी सर्वोच्च न्यायालयाची प्रतिष्ठा पणाला लावता येणार नाही. हा नकार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत धैर्याचा क्षण वाटतो.

ताजा संदर्भ २०२५चा. तामिळनाडूच्या राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवली, म्हणून ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी विधेयकांवर निर्णय घ्यायला मुदती आखून दिल्या आणि दहा विधेयकं मंजूर झाल्याचं मानलं. केंद्राने फेरविचार याचिका केली नाही. त्याऐवजी १३ मे रोजी राष्ट्रपतींकडून १४ प्रश्न गेले. मागच्या दाराने केलेलं हे अपील आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता आणि तो मला हलक्यात घेण्यासारखा वाटत नाही. तेव्हाचे सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई यांच्या पाच जणांच्या पीठाने २० नोव्हेंबरला मत दिलं: राज्यपालांना न्यायालय मुदत घालून देऊ शकत नाही, मंजुरी मिळाल्याचं परस्पर मानताही येत नाही. मात्र कारण न देता दीर्घकाळ गप्प बसल्यास निर्णय घ्या, एवढं न्यायालय सांगू शकतं. काही प्रश्न उत्तर न देताच परत गेले. ‘दीर्घकाळ’ म्हणजे नेमके किती दिवस, हे आता एकेका खटल्यात ठरत जाईल.