४३१००१ (संख्या)

४३१००१ (चार लाख एकतीस हजार एक) ही विषम, संयुक्त संख्या. मराठवाड्यात ती ओळखली जाते छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) पिन कोड म्हणून. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. टपालखात्याने अंक वाटले ते विभाग आणि कार्यालये पाहून, गुणधर्म पाहून नव्हे. तरी पिन ४३१ ००१ असा तीन-तीन अंकांत तोडून लिहिण्याची रीत गणिताच्या कामी येते. रकमेसारखे ४,३१,००१ लिहिले की ती सोय जाते.

९९९ = २७ × ३७. त्यामुळे १००० ला २७ किंवा ३७ ने भागले तर बाकी १ उरते आणि दोन गटांची नुसती बेरीज तपासली तरी पुरते. इथे ४३१ + १ = ४३२ = २७ × १६, म्हणून २७ ने निःशेष भाग जातो; ३७ ने जात नाही. तसेच १००१ = ७ × ११ × १३. १००० ला या तिघांपैकी कोणीही भागले तर १ कमी पडतो, म्हणून तिघांसाठी गटांची वजाबाकी करायची: ४३१ − १ = ४३०, आणि ४३० ला तिघांपैकी कोणीच भागत नाही. एका वजाबाकीत तीन भागाकार वाचतात, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते.

२७ ने भागून १५९६३ येतात, ते पुन्हा ३ ने भागले की ५३२१, आणि ५३२१ = १७ × ३१३. म्हणजे

४३१००१ = ३⁴ × १७ × ३१३

एकूण विभाजक २०. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज २,५२,८९१, म्हणजे खुद्द संख्येहून बरीच कमी. अंकांची बेरीज ९ असून तिने संख्येला पूर्ण भाग जातो, म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले.

खरी गंमत वर्गांची आहे. संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे तिच्या मूळ अवयवांना ४ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून कळते. १७ आणि ३१३ या दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागल्यास बाकी १ उरते. ३ ला भागल्यास बाकी ३, पण त्याचा घात सम असल्याने तो आड येत नाही. तीन एकदा जरी कमी असता तरी पुढची मांडणी अशक्य होती. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात नेमकी दोन प्रकारे लिहिता येते:

५७६² + ३१५² = ५४९² + ३६०² = ४३१००१

वर्गांच्या वजाबाकीचे प्रकार दहा. त्यांतला सर्वांत आटोपशीर ६९९² − २४०², कारण ४५९ × ९३९ हे अवयव एकमेकांना सर्वांत जवळचे.

विभागातल्या इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांनाही गटांची ती वजाबाकी लावता येते. जालना (४३१२०३), बीड (४३११२२), परभणी (४३१४०१), हिंगोली (४३१५१३) आणि नांदेड (४३१६०१) यांपैकी एकालाही ७, ११ किंवा १३ ने भाग जात नाही. ४१३ ने सुरू होणारे दोघे वेगळे निघतात. लातूर ४१३५१२: ५१२ − ४१३ = ९९. धाराशिव ४१३५०१: ५०१ − ४१३ = ८८. दोघांनाही ११ ने भाग जातो आणि दोघांतला फरकही ११ च. भागाकार येतात ३७५९२ आणि ३७५९१, लागोपाठचे. लातूरच्या गटांची बेरीज ९२५, म्हणजे ३७ × २५, तेव्हा तिथे ३७ हाही अवयव आहे: ४१३५१२ = २³ × ११ × ३७ × १२७.