माहिती अर्ज

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या कायद्याखाली नागरिकाने सरकारी कार्यालयाकडे कागदपत्रे मागण्यासाठी करावयाचा अर्ज. महाराष्ट्रात बोलताना याला ‘माहिती अधिकार टाकणे’ किंवा ‘आरटीआय टाकणे’ म्हणतात. गल्लीतला उखडलेला रस्ता, रातोरात तोडलेले झाड, गच्चीवर उभा राहिलेला मोबाइल टॉवर, अडकलेले रेशनकार्ड अशा तक्रारींवर मोर्चा निघत नाही आणि कोर्टही परवडत नाही. तिथे हा अर्ज कामाला येतो.

देशात या हक्काची मागणी राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने पुढे रेटली. १९९४ पासून तिने गावोगावी जनसुनावण्या घेतल्या आणि सरकारी कामांच्या हजेरीपटांवरची खोटी नावे लोकांसमोर वाचून दाखवली. महाराष्ट्राने २००० साली स्वतःचा कायदा केला, पण अपवादांनी तो इतका पोखरलेला होता की कार्यकर्त्यांनीच तो नाकारला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे, अधिकाऱ्यांना दंड करता येईल असा नवा राज्य कायदा ऑगस्ट २००३ मध्ये पदरात पडला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच अर्जदारांचा हात आधीच बसलेला होता.

अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. २०१२ च्या नियमबदलापासून महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही साधारण १५० शब्दांत मांडावा लागतो. या अटीवर टीका झाली असली, तरी जुन्या अर्जदारांचे अर्ज पूर्वीही क्वचितच यापेक्षा लांब असत. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. जनमाहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्या त्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याने, ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत. मुदत टळल्यावर मिळणाऱ्या प्रतींचे पैसे घेता येत नाहीत. हे कलम खिडकीवर दाखवले की पुष्कळदा बाबूंचा सूर बदलतो.

खरी मेख प्रश्न लिहिण्यात आहे. ‘रस्ता सहा महिन्यांत का खचला?’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात स्पष्ट केले की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कायद्यातली माहिती नव्हे. कार्यालयाच्या दप्तरी जे आहे तेच मागता येते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन नसल्याचे सांगितले. त्याच निकालाने परीक्षार्थींना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याची वाटही खुली केली. म्हणून जाणता अर्जदार खचलेल्या रस्त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजणीची नोंदवही) संबंधित पाने, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि दोषदायित्व कालावधीची (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) अट यांच्या प्रमाणित प्रती मागतो. डांबराच्या थराची नोंदवलेली जाडी आणि रस्त्यावर दिसणारी जाडी शेजारी शेजारी ठेवली की ‘का’चे उत्तर आपोआप मिळते. कायद्यात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याची आणि कामाची पाहणी करण्याचीही मुभा आहे. तिचा वापर मात्र फार थोडे लोक करतात.

झाडांच्या बाबतीत वृक्ष प्राधिकरणाचा ठराव आणि पंचनामा, कारखान्याच्या धुराबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आणि त्यातल्या अटी मागाव्या लागतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेला मात्र थेट अर्ज करता येत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम निकालानंतर अशा संस्था सर्वसाधारणपणे कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधकाच्या दप्तरातून जावे लागते.

अर्ज न करताही फाइल पाहता यावी, ही पुढची पायरी पुण्यात पडली. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली. राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तीच पद्धत लागू केली. दोन तास टेबलाशी बसून टिपण्या वाचल्या की कोणती चार पाने मागायची ते कळते. नाहीतर दोन रुपये पानाने गठ्ठा विकत घ्यावा लागतो.

नकार आला तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील ३० दिवसांत आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील ९० दिवसांत करता येते. दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र आयोगाने किती दिवसांत निकाल द्यावा, हे कायद्यात लिहिलेले नाही आणि व्यवस्थेची सर्वांत मोठी गळती इथेच आहे. आयुक्तांची पदे रिकामी राहतात, अपिले तुंबतात आणि उत्तर हाती येईपर्यंत ठेकेदाराची अनामत रक्कमही परत गेलेली असते. रिक्त पदे वेळेत भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावले होते.

मोठी प्रकरणेही अशाच अर्जांतून बाहेर आली. मुंबईत कुलाब्यातल्या आदर्श सोसायटीच्या सदनिका वाटपाच्या प्रकरणात माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना त्यात राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी, १३ जानेवारीला, जमीन व्यवहारांतले गैरप्रकार उघड करणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा तळेगाव दाभाडे येथे खून झाला होता. अर्जावर नाव-पत्ता लिहावा लागतो. शहरात ही किरकोळ बाब वाटते, पण वाळूच्या किंवा जमिनीच्या प्रकरणात गावातल्या माणसाला ती जिवावर बेतू शकते. दुसऱ्या बाजूला, बांधकामाचे कागद काढून नंतर ‘तडजोड’ करणारेही आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्याच अर्जदारांना खंडणीखोर ठरवणे कार्यालयांना सोयीचे असते, एवढेच.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर अकारण आक्रमण होईल, असे दाखवावे लागे. नव्या शब्दरचनेत ती अट उरलेली नाही. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ते हित पटवून देण्याचा भार व्यवहारात अर्जदारावर येतो. लाभार्थ्यांच्या याद्या, हजेरीपट, मोजमाप पुस्तिकेवरच्या सह्या या सगळ्यांत कुणाचे ना कुणाचे नाव असतेच. त्यामुळे नावाऐवजी पदनाम, टेबल क्रमांक आणि देयक क्रमांक विचारणे हा अर्जदारासाठी तूर्त अधिक सुरक्षित मार्ग आहे.