कृष्णवर्णीय मुलं ‘त्यांच्याच’ कॉलेजात जातात?

अमेरिकेतली बहुतेक कृष्णवर्णीय मुलं कृष्णवर्णीयांच्याच कॉलेजात शिकतात आणि तिथे इतरांना प्रवेश नसतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

१९६५च्या उच्च शिक्षण कायद्याने ज्यांना ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय’ दर्जा दिला, त्या १९६४पूर्वी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्था आज जेमतेम १०० आहेत. हॉवर्ड, स्पेलमन, मोरहाउस ही त्यांतली गाजलेली नावं. देशातल्या दर दहा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी फार तर एक तिथे जातो. उलट तिथल्या दर चौघांत साधारण एक जण कृष्णवर्णीय नसतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड स्टेटमध्ये तर कित्येक वर्षं गोरे विद्यार्थीच जास्त होते!

मग निवड ठरते कशावर? आधी पैशावर. पेल ग्रँट ही सरकारी मदत फेडावी लागत नाही. ती धरूनही कर्ज किती काढावं लागेल, हा घरातला मोठा प्रश्न. शिवाय घरापासूनचं अंतर, हातातली नोकरी. म्हणून अनेक जण जवळचं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज धरतात. हॉवर्ड निवडणारी मुलगीही हाच हिशेब मांडते. फक्त वर्गात आपण एकट्याच वेगळ्या दिसणार नाही, हा दिलासा ती त्यात धरते, आणि तो मला अजिबात किरकोळ वाटत नाही.