लूनावाल्यांसाठी (आणि जुनी लूना घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी)

आमच्या गॅरेजला लूना नाहीतर जुनी टीव्हीएस फिफ्टी (दोन्ही ५० सीसीच्या छोट्या मोपेड) घेऊन येणाऱ्यांचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. चहा घेता घेता वाचा, तोवर गाडी होतेय.

५० सीसी म्हणजे केवढं? तुमच्या हातात कटिंगचा ग्लास आहे ना, पिस्टन वरखाली होतो ती सगळी जागा त्यात मावते. जुन्या साडेतीनशे बुलेटचं इंजिन ३४६ सीसीचं, म्हणजे तिच्या एका सिलिंडरात लूनाचे जवळपास सात बसतील. तरी एवढ्याशा जिवावर लोकांनी दोन्हीकडं दुधाचे कॅन लटकवून, मागं बायको बसवून अख्खा संसार ओढला. लूना १९७२ साली आली, डिझाइन इटलीच्या पियाजिओच्या मोपेडवरून घेतलेलं, पण गाडी बनायची आपल्या नगरात (आताचं अहिल्यानगर), त्यामुळं आमचा जरा जास्तच जीव आहे हे मान्य.

हिच्यात आवडण्यासारखं काय असं पोरं विचारतात. एक तर टू-स्ट्रोक, व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, हलणारं म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, झालं. हेड खोललं की इंजिनाचं पोट समोर, मालकाला बोट ठेवून दाखवता येतं की बाबा इथं बिघडलंय. दुसरं म्हणजे मोठ्या गाडीचा निम्मा जोर गावात कधी वापरलाच जात नाही, हिचा सगळाच्या सगळा लागतो, चाळीसच्या स्पीडला पण काहीतरी पळवतोय असं वाटतं. आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठता येतं (चढ नसेल तर).

आता ऑइलचं. नुसतं पेट्रोल टाकू नका हो! टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) पेट्रोलमध्येच मिसळायचं, प्रमाण गाडीच्या पुस्तकात असतं, २ टक्के लिहिलं असेल तर लिटरला २० मिली. मी स्वतः कॉलेजात असताना घाईत विसरलो आणि भिंगारच्या पुढं पिस्टन सिलिंडरात अडकून बसला, ढकलत आणली. पण जास्त पण ओतू नका, भीतीपोटी लोक दुप्पट ओततात आणि मग सायलेन्सर चोक, पोर्टवर (सिलिंडरातून धूर बाहेर जायच्या भोकावर) कार्बनची काळी चिकट साय, पिकअप गायब. प्लग काढून बघा, कॉफीसारखा तपकिरी असेल तर मस्त चाललंय, काळा नि ओला असेल तर ऑइल जास्त किंवा कार्बोरेटर बघायला पाहिजे, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी जातंय, तशी पळवू नका, घेऊन या. पोर्टचा कार्बन घरी स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका, पिस्टनला ओरखडा पडला की खर्च वाढला.

आजकालच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप फुगवतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, आम्ही पाइप बदलून देतो, फार खर्च नाही.

"बोअर (सिलिंडरचं भोक) वाढवून द्या, साठनं पळाली पाहिजे" असं कुणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो, आधीच सांगतो. ते ब्रेक, ती बारीक चाकं त्यासाठी नाहीत, ज्यांना पळायचंय त्यांनी दुसरी गाडी घ्यावी, राग नाही.

लायसन्सचं पण सगळे विचारतात. ५० सीसीपर्यंतची गाडी १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुला-मुलीला चालवता येते, पण लायसन्स काढून, आणि नंबर प्लेट, हेल्मेट पण लागतंच, छोटी आहे म्हणून सूट नाही. टीव्हीएसची एक्सएल १०० ही ९९.७ सीसीची, ती ह्यात बसत नाही, दिसायला मोपेड असली तरी. जुनी लूना घेताना आरसी बघा, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, नसेल केली तर त्याचा खर्च धरूनच भाव करा.

२०२४ मध्ये आलेली ई-लूना आमच्याकडं आणू नका प्लीज, बॅटरीतलं आम्हाला कळत नाही. नुसता प्लग दाखवायचा असेल तर गाडी आणायची पण गरज नाही, खिशात टाकून आणा, बघायचे पैसे घेत नाही.